बडग्या कोणाचा होता

कुंदाताई थूलला फसवलं ते आमच्या गावच्या वार्ताहराने, आणि त्याच्या खोट्यावर छापील शिक्का मारला तो नागपूरच्या पेपराने. गावाने तिला फसवलं नाही. गाव तिच्या बाजूने होतं, आणि इतक्या जोरात होतं की त्यातूनच सगळा घोटाळा झाला. हे आधीच सांगून टाकते, कारण माझा स्वभाव तापट आहे आणि लिहिता लिहिता मी भलतीकडे भडकले तर वाचणाऱ्याला मुद्दा तरी ठाऊक असावा. पेपराचं नाव लिहीत नाही. वकील म्हणाला, लिहू नका. ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

आमचं घर हिंगणघाटला जिनिंगच्या मागच्या वस्तीत. बा रेच्यावर, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या यंत्रावर, कामाला होता. हंगाम सुरू झाला की रेच्यांची घरघर दिवसभर चाले, आणि ती थांबली की कान दुखल्यासारखे वाटत. रुई घरात कुठेही सापडायची. माठाच्या झाकणावर, बाच्या भुवयांत, भाकरीच्या पिठात. माय म्हणायची, "आपण कापूस पिकवत नाई, पण खातो मात्र रोज." मायच्या म्हशी होत्या. सकाळी ढेप, म्हणजे सरकीची पेंड, भिजत घातली की तिचा तेलकट गोडसर वास सगळ्या अंगणभर पसरायचा. आमच्या वस्तीतल्या पोरींना त्या वासाची लाज वाटे. मला कधीच वाटली नाही, आणि पुढे ढेपीच्याच धंद्यात मी उभी राहिले. आज आर्वीपासून समुद्रपूरपर्यंतचे गवळी माझ्याशी भाव करायला येतात आणि जाताना पुटपुटत जातात. पण भाव करायची पहिली वेळ माझ्यावर आली ती ढेपीसाठी नव्हती. कुंदाताईसाठी होती, आणि ती मी हरले. ती हार अजून पचली नाही म्हणून हे प्रकरण.

जिनिंगच्या कुंपणाला लागून मुरमाचं एक मैदान होतं. त्यावर चुन्याच्या रेषा मारलेल्या, आणि दोन टोकांना सागवानी फळ्यांचे बोर्ड, त्यांना लोखंडी रिंगा. जाळी कधी नव्हतीच. कुणा जुन्या साहेबाने हौसेने ते बास्केटबॉलचं कोर्ट करून घेतलं होतं म्हणे. साहेब गेला आणि खेळ वस्तीकडे राहिला. क्रिकेटला बॅट लागे, पॅड लागे, मोठं मैदान लागे. आम्हाला एक बॉल पुरायचा. पाळी सुटली की रुईने पांढरे झालेले लोक घरी जायच्या आधी कापसाच्या गठाणींवर चढून बसत आणि खेळ बघत. आणि बघणं म्हणजे गप्प बसून बघणं नाही. "अबे पास दे ना, कायले लाजून राह्यला?" "त्याले झोप येऊन राह्यली, त्याले बसवा!" पंचाला तर आई-बापासकट सगळं ऐकावं लागे.

त्या कोर्टावरून कुंदाताई राज्याच्या टीमपर्यंत गेली होती. तिचा बाप गठाणी वाहायचा, आणि ती डावखुरी होती. डाव्या हाताने, रिंगेकडे पाठ करून, खांद्यावरून बॉल सोडायची, आणि मागे वळूनसुद्धा बघायची नाही. आवाजावरून तिला कळे, गेला की नाही. मुंबई, कोलकाता, कुठे कुठे खेळून आली. मग गुडघा गेला. गावात परतली तेव्हा ती पायरी चढतानाही भिंतीला धरायची. तरी सकाळी मी दूध घालायला गेले की ती दारात शिटी गळ्यात अडकवून तयार असे. "दूध ठेव न् चाल. आज ले-अप करू." आम्ही वस्तीतल्या पोरी तिच्यामागे. अनवाणी, परकर खोचून. ती खुर्चीवर बसून शिकवायची आणि चुकलं की चप्पल फेकायची. चप्पलही डाव्या हातानेच, आणि नेमही तोच.

त्या वर्षी गावच्या क्रीडा मंडळाने ठरवलं की पोरींना शिकवायला पगारी प्रशिक्षक नेमायचा. कुंदाताईशिवाय दुसरं कोण असणार, असं आम्ही धरूनच चाललो. ही जागा मिळाली तर ती गावात राहणार होती, नाहीतर कुठल्यातरी वसतिगृहावर नोकरी शोधायला जाणार होती. आणि ती गेली की आमचं खेळणं संपणार होतं. परकर खोचून पळणाऱ्या पोरींना दुसरा कोण शिकवणार? घरचे म्हणाले असते, झालं तेवढं पुरे, आता पाटावरवंट्याकडे बघा. बरोबरीच्या पोरींना बघायला पाहुणे यायलाही लागले होते.

आमच्या गावचा वार्ताहर होता मधुकरराव. बसस्टँडसमोर त्याचं वह्या-पुस्तकांचं दुकान. पेपराची एजन्सीही त्याचीच. बातम्या तो पाकिटात घालून नागपूरच्या बसच्या कंडक्टरकडे द्यायचा, आणि दुसऱ्या दिवशी त्याच बातम्या छापून त्याच्याच दुकानात विकायला यायच्या. गावात काय घडलं हे ठरवणारा माणूस एकच, आणि ते विकणाराही तोच. त्याचा साळा, म्हणजे बायकोचा भाऊ, कधीकाळी कॉलेजात बास्केटबॉल खेळला होता. त्यालाही ती जागा हवी होती. एवढं सांगितलं म्हणजे पुढचं कोणालाही कळेल, फक्त आम्हाला तेव्हा कळलं नाही.

मंडळाने कुंदाताईचा सत्कार ठेवला होता. त्याच दिवशी तिला वर्ध्याच्या दवाखान्यात गुडघ्यासाठी बोलावलं. तिने मंडळाच्या चिटणिसाला आधीच घरी जाऊन सांगितलं. तिला बसमध्ये बसवायला आम्ही चार पोरी गेलो होतो. पाय वाकत नव्हता, म्हणून उचलून चढवली. ते सगळं मधुकररावाच्या दुकानासमोर झालं. तो स्वतः उठून आला, स्टीलच्या पेल्यातून तिला पाणी दिलं, म्हणाला, "सांभाळून जाजो बाई." दोन दिवसांनी पेपरात मथळा आला: एकेकाळची तारका, आता नुसता ताठा. खाली लिहिलं होतं की माजी खेळाडू कुंदा थूल यांनी सत्काराकडे पाठ फिरवून गावाचा अपमान केला, शहरात खेळून आल्यापासून त्यांना गावचे लोक लहान वाटतात, अशी क्रीडाप्रेमींमध्ये चर्चा आहे.

क्रीडाप्रेमी म्हणजे आम्हीच की! गावात दुसरे होते कोण? बंडूभाऊने पानठेल्यावर ती बातमी मोठ्याने वाचली. बंडूभाऊ म्हणजे कुंदाताईचा सगळ्यात मोठा भक्त. जिनिंगमध्ये फिटर होता, आणि ती कुठे खेळायला गेली की हा रजा टाकून मागे जायचा. वाचता वाचता त्याचा आवाज चढत गेला.

"चर्चा आहे म्हणते! कोण केली गा चर्चा? तू केली?"

"मी नाई केली," पानठेलेवाला म्हणाला.

"तू केली?"

"मी त वाचतच नाई पेपर."

"मंग हा क्रीडाप्रेमी राह्यते कुठी? दाखवा मले थो. त्याले मी रिंगेले टांगतो."

चिडायला सगळे चिडले, पण करायचं काय ते कोणाला सुचेना. दुकान फोडू म्हणणारेही होते. तेवढ्यात पोळा आला, आणि बंडूभाऊला आमच्या गावाची रीत आठवली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मारबत निघते, हे इकडच्या लोकांना सांगायला नको. बाहेरच्यांसाठी सांगते. दाराशी लावलेल्या पळसाच्या फांद्या उपटून, गावातली रोगराई, पीडा जे काही वाईट असेल ते घेऊन जा म्हणून ओरडत सगळे वेशीबाहेर जातात. आणि त्या वर्षी गावाला ज्याने छळलं त्याचा पुतळा, म्हणजे बडग्या, करून मिरवतात न् जाळतात. कधी महागाईचा असतो, कधी नगरपालिकेचा. बंडूभाऊ म्हणाला, यंदा आपल्या वस्तीचा बडग्या खोट्या बातमीचा.

पोळ्याच्या संध्याकाळी आमच्या अंगणात तो बांधला. माय एका बाजूला करंज्या तळत होती आणि दुसऱ्या बाजूला पोरं तणसाचे हातपाय वळत होती. तळणाचा, ढेपीचा आणि खळीचा वास एकमेकांत मिसळलेला. अंगाला सगळे जुने पेपर चिकटवले. गळ्यात फाटक्या चपलांची माळ. नाव लिहायचं नाही असं ठरलं, कारण मधुकरराव पोलिसात जायला मागेपुढे बघणारा नव्हता. मग लोकांना कळणार कसं, कोणत्या बातमीचा बडग्या आहे? तेव्हा बंडूभाऊने आमचा जुना फुटका बॉल आणला आणि बडग्याच्या हातात बांधला. "आता आंधळ्यालेबी समजते," तो म्हणाला. माय झाऱ्या हातात धरून बघत होती. ती म्हणाली, "बंडू, याच्या हातात लेखणी पाह्यजे होती." बंडूभाऊ हसला. "वो काकू, लेखणी कोणाले दुरून दिसते काय?"

सकाळी निघालो. मी पळसाची फांदी खांद्यावर टाकलेली. अख्खी वस्ती, वर बाजारातले लोक, हमाल, दुधवाले, कोणी कोणी तर दाढी अर्धी ठेवून न्हाव्याच्या खुर्चीवरून उठून आले. "कुंदाताईची बदनामी घेऊन जाय गे मारबत!" मधुकररावाच्या दुकानासमोर आम्ही जरा जास्तच वेळ थांबलो. तो आत बसून पेपर वाचल्यासारखं करत होता. वणा नदीच्या काठी बडग्या जाळला आणि आम्ही असे परतलो जसं काही फायनल जिंकून आलो.

आता जे सांगते ते ऐकून परगावचे लोक माझ्याकडे बघतच राहतात. बंडूभाऊने गावातल्या स्टुडिओवाल्याला बोलावून मिरवणुकीचा फोटो काढून घेतला होता. फोटो कशाला? पेपरात यायला! ज्या पेपराचा बडग्या जाळला त्याच पेपरात. आमच्या गावात तेव्हा काहीही झालं, बारसं, उद्घाटन, भांडण, की ते पेपरात यावं अशी लोकांची हौस. आलं नाही तर ते झालंच नाही असं वाटायचं. आणि पेपरात जायची वाट एकच होती, मधुकररावाचं दुकान. बंडूभाऊ धुतलेला शर्ट घालून फोटो द्यायला गेला. मी म्हटलं, "भाऊ, त्यालेच कसा देता?" तो म्हणाला, "त्याले पाठवाच लागन वो बेबी. बातमी आहे ना थे! एवढे लोक व्हते. दाबून कसा ठेवन?"

त्याने दाबून नाही ठेवला. मोठा छापला. बडग्या मधोमध, हातात बॉल, मागे आमचे ओरडणारे चेहरे, त्यात माझाही. वर मथळा: माजी खेळाडूविरुद्ध संताप, बडग्याचे दहन. खाली: माजी बास्केटबॉलपटू कुंदा थूल यांच्या नावाने घोषणा देत नागरिकांनी आपला रोष व्यक्त केला, विशिष्ट वस्तीतील काही समर्थकांनी मात्र गोंधळ घालण्याचा प्रयत्न केला.

तुम्हीच सांगा, याला काय म्हणायचं? नावाने घोषणा? दिल्या होत्या. रोष? होता. नागरिक? होते. एकेक शब्द खरा आणि अख्खी बातमी खोटी. आणि विशिष्ट वस्ती म्हणजे कोणती, हे गावात लहान पोरालाही कळत होतं. आयुष्यभर व्यापार करताना मला भेसळ करणारे खूप भेटले, ढेपीत भुसा घालणारे, माती घालणारे. पण असली बेमालूम भेसळ मी पुन्हा पाहिली नाही.

पेपर घेऊन आम्ही कुंदाताईकडे गेलो. ती पाय लांब करून ओट्यावर बसली होती, गुडघ्याला पट्टी. तिने फोटो बराच वेळ पाहिला. बंडूभाऊ खाली मान घालून उभा. ती म्हणाली, "बंड्या, बडग्याचा बॉल उजव्या हातात बांधला व्हता तू. मी डावखुरी आहे. एवढं तरी त्या लोकायले दिसाले पाह्यजे व्हतं." आम्ही हसलो. ती हसली नाही. तिच्या बापाने दुपारची पाळी बुडवली. गठाणी उचलताना लोक काही विचारतील म्हणून.

मंडळाची बैठक झाली. चिटणीस, ज्याला तिने स्वतः घरी जाऊन सांगितलं होतं, तोच म्हणाला की गावाचाच विरोध आहे म्हटल्यावर आपला नाइलाज आहे. पेपर टेबलावर ठेवला होता म्हणे. साळा नेमला गेला.

मी त्या संध्याकाळी एकटीच मधुकररावाच्या दुकानात गेले. घरी सांगितलं नाही. गिऱ्हाईक होते, ते जाईपर्यंत खोडरबरं बघत उभी राहिले.

"काकाजी, थे बातमी खोटी आहे. बदलून छापा."

"कोण गं तू?"

"फोटोत पहा. झेंडूच्या फुलावाणी तोंड वासून उभी आहो, थे मीच."

तो हसला. माणूस वाईट दिसत नव्हता, हेच तर वाईट होतं. "बस. हे पाह्य पोरी, छापलं थे छापलं. माणसानं पुढं पाहावं."

"मी पुढंच पाहून राह्यली. उद्याच्या पेपरात पाहीन. पहिल्या पानावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरात, का बडग्या पेपराचा व्हता."

"पहिल्या पानावर मंत्र्याचा खुलासा नाई येत."

"मंग खेळाच्या पानावर. फोटोसकट."

"फोटो नाई. दोन ओळी देतो."

"चार. आन् तिचं दवाखान्यात जाणं आलं पाह्यजे. तुम्ही पाणी देलं व्हतं तिले, काकाजी. मी पेला धरला व्हता."

त्याने पेन कानामागून काढलं, परत ठेवलं. मग म्हणाला, "तुहा आवाज भारी आहे बाप्पा. बरं. खेळाच्या पानावर खुलासा देतो. दिलगिरीसकट. आता जाय घरी, माय वाट पाहत असन."

मला वाटलं, जिंकले. वाटेत बंडूभाऊला सांगितलं, त्याने मला खांद्यावर घ्यायचंच बाकी ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही पेपर उघडला. खेळाच्या पानावर, अगदी खाली, खुलासा होता. कबूल केल्याप्रमाणे होता. दिलगिरीसुद्धा होती. लिहिलं होतं: बडग्याची मिरवणूक कारंजा चौकातून गेली असे छापले गेले होते, ती प्रत्यक्षात बाजार ओळीतून गेली. चुकीबद्दल दिलगीर आहोत.

तेव्हापासून मी तोंडी सौदा केला नाही. काय देणार, कधी देणार, कोणत्या शब्दांत देणार, सगळं समोरच्याकडून लिहून घेते. लोक म्हणतात, बाई किती चिकट आहे. असू दे.

कुंदाताई त्याच महिन्यात गेली. चंद्रपूरकडच्या एका मुलींच्या वसतिगृहात तिला काम मिळालं. जाताना शिटी माझ्याकडे ठेवायला देत होती, मी घेतली नाही. ती घेणं म्हणजे तिचं जाणं मान्य करणं, असं मला वाटलं. साळा काही दिवस सकाळी आला, मुलांना घेऊन खेळला, मग येईनासा झाला. रिंग पुढे कोणीतरी भंगारात नेली. आमच्यातल्या पोरींची एकामागून एक लग्नं झाली. मधुकरराव वारला, साळा वारला, बंडूभाऊही गेला. बंडूभाऊ शेवटपर्यंत त्या बॉलवरून स्वतःला बोल लावत होता. मी त्याला हजारदा सांगितलं असेल, भाऊ, बॉल तुम्ही बांधला पण खोटं तुम्ही नाही लिहिलं.

हे सगळं मी माझ्यापुरतं दाबून ठेवलं होतं, आणि तसंच मेलेही असते. पण यंदा त्या पेपराने आपल्या वाढदिवसाची पुरवणी काढली. आठवणीतलं हिंगणघाट असं काहीतरी. तोच फोटो, आता रंग मारून, चकचकीत कागदावर. खाली: एका वादग्रस्त माजी खेळाडूविरुद्ध गावकऱ्यांचा उद्रेक. नाव दिलेलं. कुंदाताई आता सिंदी मेघेला भाचीकडे राहते. भाचीची मुलगी सई वर्ध्याला शाळेच्या टीममध्ये बास्केटबॉल खेळते, आणि तीही डावखुरी. टीमच्या ग्रुपवर कोणीतरी तो फोटो टाकला. ती घरी आली आणि म्हातारीला म्हणाली, "आजी, लोकांनी तुझा पुतळा जाळला होता? तू काय केलं होतंस?"

कुंदाताईने मला फोन केला. "बेबी, हे मेलं परत आलं वो," एवढंच म्हणाली. मी म्हटलं, सईला खरं सांगितलं ना? ती म्हणाली, "सांगतलं. पण तिनं फोटोकडंच पाह्यलं. छापलेलं आहे ना थे."

मी पेपराच्या ऑफिसात फोन लावला. एका मुलीने उचलला, बोलायला फार गोड. "मॅम, आम्ही जुन्या अंकातून जसंच्या तसं घेतलंय."

"जुन्या अंकात खोटं होतं."

"पण मॅम, खोटं असतं तर तेव्हा खुलासा आला असता ना? मी बघते हं." मग कीबोर्डची टकटक. "हो, आलाय की खुलासा. मिरवणुकीच्या मार्गाबद्दल. म्हणजे बाकी बातमी बरोबरच होती."

मी फोन ठेवला, कारण त्यानंतर माझ्या तोंडून जे निघालं ते त्या पोरीने ऐकण्यासारखं नव्हतं, आणि तिची चूकही नव्हती. ती तेव्हा जन्मलीही नसेल.

पण संपादक आहेत. मालक आहेत. त्या फोटोतली अर्धी माणसं अजून जिवंत आहेत, मी त्यांची नावं सांगू शकते, आणि त्यातलं एकही माणूस कुंदाताईविरुद्ध ओरडत नव्हतं. मला छापील दिलगिरी नको, ती मी पाहिलेली आहे. संपादकांनी सिंदी मेघेला यावं. कुंदाताईला पायऱ्या चढता-उतरता येत नाहीत, म्हणून त्यांनीच यावं. सईला समोर बसवावं आणि तिच्या आजीने काय केलं होतं, या तिच्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी स्वतःच्या तोंडाने द्यावं. मी तिथे असेन. एक शब्द इकडचा तिकडे झाला तर तिथेच थांबवीन आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावीन. सांगा, कधी येता?